न्युरेंबर्गचा ख्रिसमस बाजार: सकाळची बस की दुपारची?

प्रश्न (सासूबाईंची_सून): डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्युरेंबर्ग ते बुडापेस्ट अशी क्रूझ आहे. जहाज कालव्यावरच्या बंदरात लागतं, तिथून गावात बस सोडतात. एक सकाळी दहाची, परत अडीचला. दुसरी अडीचची, परत सातला. दोन्हींतली एकच मिळणार. सोबत सासूबाई, वय 71, गुडघे कुरकुरतात, मांस-अंडं नाही, वाइन तर नाहीच. कुठली घेऊ?

आळशी_भटक्या: दुपारची. पुढच्यांनी सांगावं.

कपबशी: दुपारचीच, पण कारण सांगते. तिथे डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छताची ती दुकानं दिवसा बघितली तर हात हलवत परत याल. दिवे लागले की मात्र पाय निघत नाही.

बाजार हाउप्टमार्क्ट चौकात, फ्राउएनकिर्खं या चर्चसमोर भरतो. 1628 सालची एक नोंद सापडते, म्हणजे तेव्हाही तो होताच. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, सासूबाईंना जाड तळाचे बूट घाला. किल्ला विसरा, सगळा चढ आहे.

आता माझी फजिती. गरम पेयाचे पैसे दिले, बाईने चिनी मातीचा मग हातात ठेवला. प्यायलो, मग धुवायला कुठे द्यायचा ते कळेना, म्हणून खिडकीवर ठेवून सटकलो. त्यात मगाचं डिपॉझिट होतं, त्याला 'फांड' म्हणतात! चार मगांचे युरो मी दानधर्मात घालवले. मग परत दिला की पैसे परत, आवडला तर तो तुमचाच. सासूबाईंसाठी 'किंडरपुन्श' मागा, त्यात दारू नसते.

खाण्याचं जरा अवघड. बोटाएवढ्या तीन सॉसेजचा पाव ही तिथली शान, ती तुमच्या कामाची नाही. लेबकूखन हे मसाल्याचं गोड बिस्कीट दिसायला निरागस असतं, पण चांगल्या 'एलिझन' प्रकारात बहुधा अंड्याचा पांढरा भाग असतो. विचारल्याशिवाय देऊ नका. साखरेत परतलेले बदाम घ्या. कागदी शंकूतून गरम येतात आणि हातही शेकतात.

आणि एक आठवण घ्याच: सुकवलेल्या प्लमचा माणूस. हातपाय प्लमचे, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेले डोळे आणि इवलीशी टोपी. आमच्याकडचा एक आजोबा छत्री घेऊन उभा आहे. खायचा नाही, तीन वर्षं झाली, सुरकुत्या तेवढ्याच आहेत.

घड्याळवेडा: माझं मत उलटं. सकाळी गर्दी कमी असते, गुडघेवाल्यांना तेच बरं. शिवाय बाराला चर्चच्या दर्शनी भागावरचं घड्याळ चालतं. सम्राट चौथा कार्ल मध्ये बसलेला आणि सम्राट निवडण्याचा हक्क असलेले सात मानकरी त्याला तीन फेऱ्या मारतात. 1509 पासूनचं यंत्र आहे. दुपारच्या बसने ते हुकलंच म्हणून समजा.

कपबशी: घड्याळ छान आहे, मान्य. पण बाराच्या आत पाऊण तास मान वर करून उभं राहणारे नवरे मी पाहिलेत, तेवढ्या वेळात बायका दोनदा चौक फिरून येतात. तुमच्या सासूबाई कुठल्या गटातल्या?

सासूबाईंची_सून: विचारलं. म्हणाल्या, "घड्याळ काय, जहाजावर व्हिडिओत बघीन. दिवे बघू." दुपारचं नाव घातलं. आता एकच, बसण्याची सोय आहे का?

कपबशी: चौकात बाकांवर भरवसा ठेवू नका. पण फ्राउएनकिर्खंत जाऊन टेका. आत बाजाराचा गलका एकदम मंद होतो आणि ऊबही मिळते. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा. परतीच्या बसची जागा उतरतानाच फोटो काढून ठेवा, अंधारात सगळे कोपरे एकसारखे दिसतात.