सोशल अँग्झायटीचे आकडे खरे मानायचे की फुगवलेले?

बर्डीकर (धागाकर्ता):
मी नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. हल्ली तोंडी परीक्षा जवळ आली की काही विद्यार्थी येऊन सांगतात, "सर, मला सोशल अँग्झायटी आहे, मला लेखीच विचारा." चारचौघांत बोलण्या-वावरण्याच्या तीव्र भीतीचा हा विकार खरोखर किती लोकांना आहे, हे पाहू गेलो तर आकड्यांचा मेळच बसेना. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात देशांतले १६ ते २९ वयाचे ३६ टक्के तरुण या विकाराच्या कक्षेत बसले (भारत त्या सातांत नव्हता). उलट २८ देशांत सविस्तर मुलाखती घेऊन केलेल्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी हा विकार झालेले जेमतेम ४ टक्के निघाले. अमेरिकी मनोविकार नियमावलीत हे निदान १९८० साली आले, १९९९ साली पॅरोक्सेटिन या औषधाला त्यासाठी मान्यता मिळाली आणि पाठोपाठ जाहिरातींचा धडाका सुरू झाला. भिडस्त माणसाला रुग्ण ठरवण्यात कुणाचे तरी भले होत असावे, असे माझे मत आहे.

धरमपेठ_समुपदेशक:
सर, जाहिरातींबद्दलचा आपला राग रास्त आहे, परंतु आपण दोन वेगळी मापे एका तराजूत टाकत आहात. ३६ टक्के हा स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलीचा आकडा आहे. निदान करताना मात्र भीती साधारण सहा महिने टिकली आहे का, तिच्यामुळे शिक्षण, नोकरी वा नाती अडली आहेत का, हे तपासले जाते आणि बहुतेक भिडस्त माणसे तिथेच गळतात. उरलेल्यांचे ओझे हलके नसते. बँकेच्या खिडकीशी कुणी पाहत असताना सही करायची वेळ आली की हात थरथरतो, सही जुळत नाही, आणि पुढच्या खेपेला तो माणूस धाकट्या भावाला पाठवतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत या विकाराच्या सुरुवातीचे मध्यगत वय १३ आढळले, म्हणजे निम्म्यांना तो त्या वयापर्यंत सुरू झालेला होता. तेव्हा आपल्या वर्गात येईपर्यंत त्या मुलाने टाळाटाळीची निम्मी शाळा पार केलेली असते.

महालचा_वाचक:
त्याच २८ देशांच्या अभ्यासात गरीब देशांतले प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा कमी आढळले, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. आपल्याकडे माणूस माणसांतच वाढतो, त्यामुळे हा विकार मुळातच कमी असणार.

सक्करदरा_ताई:
महालकर, आपल्याकडे तो कमी दिसतो, कारण घर त्याच्यावर पांघरूण घालते. बाजारात घासाघीस वडील करतात, फोन आई उचलते, आणि मुलगी चारचौघांत तोंड उघडत नसेल तर पाहुणे तिला सालस म्हणून जातात. माझ्या भाचीने लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पार केली आणि कॅम्पसच्या गटचर्चेला ती खोलीच्या दारातून परत फिरली. घरी सगळ्यांनी "बाहेरगावची नोकरी होती, बरेच झाले" म्हणून विषय संपवला. अशी मुलगी कुठल्या पाहणीत मोजली जाणार? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा विदर्भाबद्दल इतक्या ठामपणे बोलणे मला तरी धाडसाचे वाटते.

बर्डीकर:
ताई, भाचीचे नुकसान मला मान्य आहे. पण मग मी सर्वांना लेखी सवलत द्यावी का?

धरमपेठ_समुपदेशक:
देऊ नये. सवलत नाकारण्याकडे असलेला आपला कल बरोबर आहे, फक्त त्यामागचे कारण चुकीचे आहे. मुले ढोंग करतात म्हणून नव्हे, तर टाळल्याने ही भीती पोसली जाते म्हणून. सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) या उपचारात रुग्णाला भीतीच्या प्रसंगात टप्प्याटप्प्याने उतरवतात: आधी आपल्या केबिनमध्ये एकट्याची तोंडी, मग एका मित्रासमोर, मग बाह्य परीक्षकासमोर.

बर्डीकर:
बाह्य परीक्षक एका दिवसात अख्खी तुकडी संपवून संध्याकाळची गाडी पकडतात. आपले हे टप्पे सत्राच्या सुरुवातीपासूनच घ्यावे लागतील, आणि तेवढे तास आमच्या वेळापत्रकात आज तरी नाहीत.