टोन घडवायचा तो अँपच्या नॉबवर की ईक्यू पेडलवर?

सहावी तार (धागाकर्ता)

गिटारचा आवाज मनासारखा येत नसला की बहुतेक जण आणखी एक ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज थोडा फाटका करणारे) विकत घेतात. माझ्या मते त्याआधी ग्राफिक ईक्यू (ठरावीक कंप्रता स्लायडरने वर-खाली करणारा इक्वलायझर) घ्यावा आणि अँपवरच्या (अँप्लिफायरवरच्या) बास, मिड व ट्रेबल या नॉबांवर फारशी भिस्त ठेवू नये. फेंडर पद्धतीच्या अँपमधले टोन सर्किट पॅसिव्ह असते, म्हणजे ते काही वाढवत नाही, फक्त कापते. शिवाय हे नॉब एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एक फिरवला की दुसऱ्याचा परिणामही बदलतो. सगळे नॉब मध्यावर ठेवले म्हणजे टोन सपाट झाला, असे समजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की त्या स्थितीतसुद्धा ४०० ते ५०० हर्ट्‌झच्या आसपास चांगलाच खड्डा पडलेला असतो. याउलट बॉस जीई-७ या ग्राफिक ईक्यू पेडलवर १०० हर्ट्‌झपासून ६.४ किलोहर्ट्‌झपर्यंत सात स्लायडर मिळतात आणि प्रत्येक स्लायडर १५ डेसिबल वर किंवा खाली नेता येतो. नेमके दुखणे जिथे आहे तिथेच हात घालता येतो.

मध्यसप्तक

असहमत. ज्याला आपण खड्डा म्हणता तो त्या अँपचा स्वभाव आहे, आणि पिकअप (तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणारा गिटारवरचा भाग) व स्पीकर यांच्यासह तो धरूनच अँप ऐकायचा असतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरत जातो, त्यामुळे आपला ६.४ चा स्लायडर स्वरांपेक्षा खरखरीवरच जास्त चालतो.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. कमी आवाजात आपल्या कानांना खर्ज आणि वरच्या कंप्रता तुलनेने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे खोलीत हळू आवाजात वाजवताना माणूस बास आणि ट्रेबल चढवतो, मिड उतरवतो आणि खूश होतो. तीच जुळणी घेऊन बँडसोबत उभे राहिले की खाली बास गिटार आणि वर झांजा असतात, मध्ये काहीच उरत नाही आणि गिटार गायब होते. हाताशी सात स्लायडर असले की ही चूक अधिक सफाईने करता येते, एवढेच.

नुसती केबल

दोघांच्याही मांडणीत एक प्रश्न राहून गेला आहे, तो म्हणजे ईक्यू डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडण्याच्या) आधी की नंतर. आधी लावलेला ईक्यू काय फाटायचे ते ठरवतो, तर नंतर लावलेला ईक्यू फाटून झालेल्या आवाजाला फक्त आकार देतो. पाम म्यूट केलेली (तळहाताच्या कडेने दाबून वाजवलेली) सर्वांत जाड ई तार गढूळ वाटत असेल, तर १०० आणि २०० चे स्लायडर डिस्टॉर्शनच्या आधी खाली आणावेत. फटका आवळला जातो. हेच नंतर केले तर गढूळपणा तसाच राहतो आणि आवाज मात्र बारीक होतो.

पडताळणी सोपी आहे. चांगल्याच डिस्टॉर्ट झालेल्या अँपच्या इनपुटआधी ८०० चा स्लायडर ६ डेसिबलने वाढवा. आवाज फारसा मोठा होणार नाही, पण स्वर जास्त टिकेल आणि थोडा नाकात बोलल्यासारखा येईल. तेच पेडल इफेक्ट्स लूपमध्ये (अँपमधला प्रीअँप, म्हणजे सुरुवातीचा भाग, आणि पॉवर अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, यांच्या मधल्या जोडणीत) हलवा. आता गिटार सरळ पुढे येईल, म्हणजे सोलोसाठी हवे तेच.

आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल तरी वेगळे काय करतो? त्याच्या क्लिपिंग (आवाज फाडणाऱ्या) टप्प्यात साधारण ७२० हर्ट्‌झच्या खाली गेन, म्हणजे संकेताची वाढ, उतरत जातो. ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून तो तापलेल्या अँपपुढे लावणारे खरे तर आधीचा ईक्यूच वापरत असतात (त्यांना तसे म्हटलेले आवडत नाही, ही गोष्ट वेगळी). अँपच्या नॉबांनाही हाच नियम लागू आहे. जुन्या फेंडरमध्ये टोन सर्किट बहुतेक डिस्टॉर्शनच्या आधी येते, तर मार्शलमध्ये प्रीअँपच्या गेन टप्प्यांनंतर, त्यामुळे दोन्हींवरचा बासचा नॉब एकच काम करत नाही.

सहावी तार

जागेचा मुद्दा मान्य, पण त्याने माझी बाजू भक्कमच होते. अँपचा नॉब जिथे बसवलेला आहे तिथेच राहतो. पेडल मला हवे तिथे नेता येते.

मध्यसप्तक

हवे तिथे नाही. बऱ्याच जुन्या अँपना लूपच नसतो. असला तरी तो प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्या मध्ये असतो. फाटणे पॉवर अँपमध्ये होत असेल तर लूपमधला ईक्यूसुद्धा ‘आधीचा’च ठरतो. त्यानंतर उरतो स्पीकर. वरच्या कंप्रता त्यातून सरळ समोर जातात आणि जमिनीवर ठेवलेला अँप त्या आपल्या पोटऱ्यांना ऐकवतो. म्हणून आपण ट्रेबल चढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. स्लायडरला हात लावण्याआधी अँप मागे कलता ठेवून तोंड कानांकडे करावे, एवढा आग्रह मी सोडणार नाही.