आजोबांच्या नोटेशनच्या वह्या, पत्रं, कॅसेट्स… वाडा पडायच्या आत काय करू?

मिरजेची_वृंदा

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझे आजोबा (आईचे वडील) तरुणपणी एका संगीत नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे, मंडळी बंद पडल्यावर मिरजेला परत आले आणि मग शेवटपर्यंत घरीच शिकवण्या केल्या, पेटी आणि गाणं दोन्ही. १९८७ ला गेले. रेकॉर्ड नाही, पुस्तक नाही, नाव बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, घरातलं कुणीतरी त्यांच्याकडे शिकलेलं निघतंच.

आता आमचा वाडा पाडायचा ठरलाय, बिल्डरशी करार झालाय, दिवाळीपर्यंत रिकामा करून द्यायचाय. माळ्यावरून दोन लोखंडी ट्रंका खाली काढल्या. एकीत वह्या, मोजल्या तर ४३ भरल्या, बहुतेक सगळ्या नोटेशनच्या. दुसरीत सुतळीने बांधलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे, नाटकांची हँडबिलं, शिकवणीच्या फीचा हिशेब लिहिलेल्या छोट्या डायऱ्या, थोडे फोटो आणि एकदम तळाशी लाल फडक्यात पणजोबांची मोडीतली चोपडी. शिवाय बुटांच्या खोक्यांत साठेक कॅसेट्स. काही वह्यांना कसर लागलीय, पानं हातात घेतली की कडा गळतात.

एक वही सहज उघडली तर वर "श्री", खाली भीमपलासातली एक बंदिश, आणि समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, "ताई इथे घाई करते". ते वाचल्यापासून मला झोप नाही.

मामा म्हणतो कोण वाचणारे आता, रद्दीत दे. भाऊ म्हणतो स्कॅन कर आणि टाकून दे. मला दोन्ही पटत नाही पण माझ्याकडे दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. कोणती संस्था घेते का असलं? ते थोर नव्हते हो, म्हणून विचारायलाच संकोच वाटतो. आणि तोपर्यंत ठेवायचं कसं?

दप्तरखाना

वृंदाताई, मी बरीच वर्षं एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात काढलीत, तर माझं पहिलं सांगणं, आत्ता लगेच लावालावी करू नका. आपल्याला वाटतं पत्रं एकीकडे, हिशेब एकीकडे, फोटो अल्बमात, असं केलं की छान होईल. नाही होत. आजोबांनी ज्या क्रमाने ठेवलंय तो क्रम हीसुद्धा माहिती असते. एखादं हँडबिल एका ठराविक वहीत का घातलंय, एका गठ्ठ्यात कोणाकोणाची पत्रं एकत्र बांधलीत, हे एकदा मोडलं की परत जुळवता येत नाही. ट्रंक उघडल्या उघडल्या वरून मोबाईलने फोटो काढा, मग एक थर काढला की परत फोटो, असं तळापर्यंत. प्रत्येक गठ्ठ्याला नंबर द्या, नंबर वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने. मूळ कागदावर बॉलपेन अजिबात चालवायचं नाही.

टाचण्या, पिना, रबरबँड हळूच काढून टाका, गंजाने कागदाला भोक पडतं आणि रबर वितळून चिकटतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरासकट कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच नको, ते परत सोडवता येत नाही. डांबरगोळ्या कागदात टाकू नका, त्याचा वास छातीला वाईट आणि कॅसेटच्या प्लास्टिकलाही. कसर लागलेल्या वह्या आधी बाजूला काढा म्हणजे बाकीच्यांना लागणार नाही, मऊ ब्रशने पान न् पान झाडा, सावलीत वारा लागू द्या. नंतर आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात आडव्या ठेवा. असा कागद मिळाला नाही तर धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड घ्या, पणजोबांच्या चोपडीला कुणीतरी फडकं बांधलं होतंच ना. आपल्याकडची सगळी जुनी दप्तरं अशी रुमालातच टिकलीत.

आणि "थोर नव्हते" याचा संकोच मनातून काढून टाका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते काय फक्त राजेरजवाड्यांच्या पत्रांसाठी? लोकांच्या घरातले हिशेब, निवाडे, खाजगी पत्रं, सगळं गोळा केलं, १८९८ ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आज कुणाला १९५० साली मिरजेत गाणं कोण शिकत होतं, किती फी देत होतं हे बघायचं असेल तर ते कुठल्या ग्रंथात मिळणार? तुमच्या त्या फीच्या डायऱ्या मला वह्यांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, त्या कृपा करून "नुसता हिशेब" म्हणून टाकू नका.

गावभागातला

मी सांगलीचा. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, वडिलांच्या कवितांच्या वह्या खालच्या कपाटात होत्या. पाणी उतरल्यावर आम्ही काय केलं तर सगळ्या वह्या गच्चीवर कडक उन्हात पसरल्या. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली, शाई पसरली, आणि ज्या सुटल्या त्यांच्यावर दोन-तीन दिवसांत काळी-हिरवी बुरशी. नंतर एका जाणकार बाईंनी सांगितलं की भिजलेला कागद लगेच सुकवणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये टाकायचा, म्हणजे बुरशी थांबते आणि मग सवडीने थोडी थोडी वही बाहेर काढून पानापानात टिपकागद घालून पंख्याखाली सुकवता येते. हे आधी माहीत असतं तर निम्म्या वह्या वाचल्या असत्या. अजून जीव तुटतो.

नगर वाचनालयाची किती जुनी पुस्तकं त्या पुरात गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगतो, मिरज असो की सांगली, काहीही तळमजल्यावर ठेवू नका, जमिनीला टेकवून तर नाहीच. आणि स्कॅनची एक कॉपी कृष्णेपासून लांब, पुण्या-मुंबईत कुणा नातेवाइकाकडे असू द्या.

पेटीमास्तर

मला वह्यांबद्दल बोलायचंय. ताई, नोटेशन कुठल्या पद्धतीचं आहे ते बघितलंत का? मिरज म्हणजे गायक बाळकृष्णबुवांचं गाव, विष्णु दिगंबर पलुसकर तिथेच त्यांच्याकडे शिकले, त्यामुळे जुने लोक पलुसकर पद्धतीने लिहीत असण्याची शक्यता बरीच आहे. हे का विचारतोय तर पलुसकर आणि भातखंडे या दोन्ही पद्धतींत टिंबाचा अर्थ उलटा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, मंद्राला (खालच्याला) टिंब खाली. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वर भातखंड्यांत खाली आडवी रेघ मारून दाखवतात, पलुसकरांत पाय मोडल्यासारखी खूण असते. उद्या कुणी उत्साही माणूस या वह्या टाइप करायला बसला आणि पद्धत बघितली नाही तर अख्खी बंदिश भलत्याच सप्तकात जाईल. म्हणून यादी करताना प्रत्येक वहीपुढे पद्धत लिहून ठेवा. दोन्हींची सरमिसळ असेल तर तेही लिहा, बऱ्याच मास्तरांनी स्वतःची एक भाषा बनवलेली असते. स्कॅन करताना रंगीत करा, निदान ४०० डीपीआयला, काळंपांढरं केलं की टिंब कुठलं आणि कसरीचं भोक कुठलं ते कळत नाही. पेन्सिलीचं तर काहीच दिसत नाही, आणि तुमच्या वहीतला सगळा जीव त्या पेन्सिलीत आहे.

कॅसेट्सचं काम आधी घ्या, कागद अजून वीस वर्षं थांबेल पण टेप थांबणार नाही. पहिलं म्हणजे प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे ते दोन प्लास्टिकचे दात मोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग मधोमध पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा बारका तुकडा असतो तो आहे का बघा, तो बहुतेक गळून पडलेला असतो आणि मग आवाज दबका येतो, आपण समजतो टेप गेली. टेप ठीक असते, दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या कवचात ती बसवली की चालते. घरातल्या जुन्या टू-इन-वनवर लावून बघायचा मोह टाळा, टेप गुंडाळली तर संपलं. नीट सर्व्हिस केलेला कॅसेट डेक असलेल्या माणसाकडूनच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबलेली) मागा, एमपी३ नंतर त्यावरून करता येते.

मिरजेची_वृंदा

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं कुणी इतकं लिहील. पेटीमास्तर, तुमचं वाचून वही परत काढली, डोक्यावर उभ्या रेघा आहेत!! म्हणजे पलुसकरच ना? पण एक अडचण झालीय. काल पोस्टकार्डं वाचत बसले तर त्यात आजोबांनी कुणाकडून पैसे उसने घेतलेले, आणि एका नातेवाइकाच्या संसारातलं बरंच काही. ती माणसं गेली पण मुलं आहेत. हे संस्थेला द्यायचं का? नेटवर टाकलं तर चालतं का?

अनु_ठाणे

वृंदा, पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, म्हणजे आता तुमच्या घरचा. पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं वारसांकडे राहतो. छापून झालेलं नसेल तर हिशोब आणखी लांबतो. म्हणजे संस्थेला मूळ पत्रं द्यायला कायद्याची आडकाठी नाही पण दुसऱ्यांची पत्रं तशीच्या तशी नेटवर टाकू नका. नाजूक पत्रं फाडूही नका, पाकिटात बंद करून वर "अमुक सालापर्यंत उघडू नये" असं लिहून देता येतं, तसं दानपत्रातच घाला.

दानपत्रावर मी एवढा जोर का देते ते सांगते. माझ्या सासऱ्यांचे कागद (ते कथा लिहायचे, चार संग्रह) आम्ही एका संस्थेला दिले. सत्कार झाला, नारळ दिला, फोटो निघाला. पोच नाही, यादी नाही. आठ वर्षांनी एका मुलीला पीएचडीसाठी हवे होते म्हणून गेलो तर कुणाला काही माहीतच नाही, शेवटी जिन्याखाली पोत्यांत सापडले, त्यातले दोन गठ्ठे नाहीतच. मी तिथेच रडले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, माणसं बदलली, एवढंच. तेव्हा आधी स्वतः यादी करा, दोन प्रती, त्यावर सही-शिक्का घ्या. वापर कोण करू शकेल, स्कॅनची प्रत तुम्हाला मिळेल का, संस्थेला पुढे नको झालं तर तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही, हे सगळं लिहून घ्या. आणि देण्याआधी एकदा बिनबोलवता जाऊन त्यांची खोली बघून या, छत गळतंय का, खिडक्या बंद होतात का.

कुठे द्यायचं? सगळं एकाच ठिकाणी राहिलं तर उत्तम. तुमच्या जवळ म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, आधी तिथे विचारा. नाटकाच्या हँडबिलांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चं आहे. ध्वनिमुद्रणासाठी गुरगावला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार आहे १९८२ पासून, त्यांना पत्र लिहून बघा. नाही म्हणाले तरी वाईट वाटून घेऊ नका, जागेची अडचण सगळ्यांनाच आहे. बाबासाहेब १९५६ ला गेले आणि त्यांच्या लेखनाचा सरकारी पहिला खंड १९७९ ला आला, मधली कित्येक वर्षं त्यांचे कागद ट्रंकांमध्ये बंद पडून होते. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपण घरच्यांनीच धीर धरून नीट सांभाळायला पाहिजे.

अजून एक, तुझ्या घरात आजोबांना पाहिलेलं कोण आहे अजून? स्कॅनर नंतर आण. आधी त्यांच्याजवळ जाऊन बस.

मोडी_वाचक

चोपडीच्या पहिल्या चार पानांचे फोटो टाका, वाचून देतो. पैसे नकोत. शेवटची पानंही बघा, जन्म-मृत्यूच्या नोंदी बऱ्याचदा तिथे असतात.

मिरजेची_वृंदा

अनुताई, तुमचं ऐकलं. रविवारी मोठ्या मावशीकडे गेले, ती ८६ वर्षांची आहे, आजोबांची थोरली मुलगी. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून मी वाचत गेले आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवला. पोस्टकार्डावरच्या अर्ध्या सह्या तिने नुसतं दोन ओळी ऐकून ओळखल्या. फीच्या डायरीत काही नावांपुढे नुसतं फुलीसारखं चिन्ह आहे, ती म्हणाली त्यांच्याकडून बाबा फी घेत नसत, त्या मुलांची घरं तिला गल्लीसकट आठवतात.

मग मी विचारलं की वहीतली ताई म्हणजे तूच ना. म्हणाली छे, मी कसली, ती ताईआत्या. आजोबांची मोठी बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा, जन्मभर आमच्या वाड्यात मागच्या खोलीत राहिली आणि स्वयंपाक केला. बाबा रात्री सगळे निजले की दार लोटून घ्यायचे आणि पेटीचा भाता अगदी थोडा उघडून तिला शिकवायचे, आवाज ओसरीवर जाऊ नये म्हणून. मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

घरी येऊन परत सगळ्या वह्या चाळल्या, पेन्सिलीतली "ताई" सात वह्यांत सापडली. सगळ्यात शेवटची यमनच्या एका पानावर आहे, नुसतं "ताई. छान." त्या सातही वह्यांत नंबरची चिठ्ठी घातलीय. मामाला ती पानं दाखवली, तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतःच ट्रंका उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. कॅसेट्स पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला डेकवाल्याकडे जाणार आहेत. मोडी_वाचक, चोपडीचे फोटो खाली टाकतेय, शेवटच्या पानावर खरंच नोंदी दिसतायत, त्यात ताईआत्याचा जन्म आहे का तेवढं आधी बघाल का?