गाडी माझी, नोंदणी सक्तीची, मग माहितीची कमाई कुणाची?

रानजाई
कालच्या धाग्यात 'व्यवहारी' यांनी लिहिलं: 'फुकटची ॲपं वापरायची आणि माहिती घेतली म्हणून गळा काढायचा, हा दुटप्पीपणा आहे. ज्याला काही लपवायचं नाही त्याने घाबरायचं कशाला?' तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

फुकटच्या ॲपांचं सोडा. गाडीची नोंदणी फुकट आहे का? रोड टॅक्स भरतो, आरटीओचं शुल्क भरतो, आणि 'मला नाही करायची नोंदणी' म्हणायची सोयच नाही. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2019मध्ये धोरण काढलं की कंपन्यांनी वर्षाचे 3 कोटी भरावेत आणि नोंदणीचा घाऊक डेटा न्यावा. त्याच वर्षी जुलैत गडकरींनी राज्यसभेत आकडे दिले: 'वाहन' (गाड्यांची नोंदणी) आणि 'सारथी' (वाहन परवाने) या सरकारी प्रणालींचा डेटा 87 खासगी कंपन्या आणि 32 सरकारी संस्थांना खुला, उत्पन्न 65 कोटी. मला कुणी विचारलं होतं? तुम्हाला?

विम्याची मुदत संपत आली की माझा फोन वाजायला लागतो. 'मॅडम, तुमच्या ग्रे गाडीची पॉलिसी संपतेय.' नंबर, मॉडेल, तारीख, सगळं तोंडपाठ. कुठून मिळालं विचारलं की 'सिस्टीमला दिसतंय' एवढंच उत्तर. ही माहिती नेमकी कुठून फुटते ते मला सिद्ध करता येणार नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. माग काढायची वाटच ठेवलेली नाही.

लपवण्याचा तर संबंधच नाही. गाडी दारात उभी असते, नंबर सगळी गल्ली वाचते. प्रश्न एवढाच आहे की कायद्याच्या जोरावर घेतलेली माहिती विकायचा हक्क कुणी दिला. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतरची ही गोष्ट आहे.

व्यवहारी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते धोरण जून 2020मध्ये सरकारनेच मागे घेतलं, आणि कारणही खासगीपणाचंच दिलं. संपलं की!

दुसरं, ही माहिती बंद कपाटात ठेवून कुणाचं भलं होणार आहे? मी जुनी गाडी घ्यायला निघालो होतो. मालक गोड बोलत होता, कागद चकाचक. नंबर टाकून ऑनलाइन बघितलं तर गाडीवर बँकेचा बोजा. माझी जन्माची बचत वाचली. चोरीच्या गाड्या, बिनविम्याच्या गाड्या अशाच सापडतात. बरं, सरकारला चार पैसे मिळाले तर रस्तेच होतील ना?

रानजाई
एक गाडी तपासणं वेगळं आणि देशभरच्या गाड्यांची यादी उचलून नेणं वेगळं. तुमची बचत वाचली त्याचा आनंदच आहे. त्याला 3 कोटींची घाऊक विक्री लागत नव्हती.

निवृत्त_तलाठी
तुम्ही गाड्यांवरून भांडताय, तिकडे मोठा घाव बसून गेला. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले. संमतीबिंमतीची, म्हणजे तुमच्या-आमच्या कामाची कलमं 18 महिन्यांनी लागू होणार. पण माहिती अधिकारातलं 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं कलम, बदलणारी तरतूद? ती ताबडतोब! आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की अर्ज निकालात. ज्या महाराष्ट्रात अण्णांनी उपोषणं करून केंद्राच्या आधी माहिती अधिकार आणला, तिथे यावर चार लोक बोलत नाहीत. मी नोकरीत असताना रेशनच्या याद्या चावडीवर लावल्या आहेत. बोगस नावं गावच्या बायकांनीच दाखवली.

सुलभा_ठाणे
सरकारवर सगळे तुटून पडलात. आपल्या सोसायटीच्या गेटवर काय चालतं? घरकामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाइल नंबर, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करतात, सगळं ॲपवर. वर तारे! आमच्या मावशींना कुणीतरी दोन तारे दिले, कारण दिवाळीत चार दिवस गावी गेल्या. नवीन बिल्डिंगमध्ये कुणी कामाला घेईना. त्यांच्याकडे साधा फोन. आपल्याला तारे मिळतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

व्यवहारी
मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे भरदिवसा दागिने गेले आणि वॉचमनच्या वहीत 'कुरिअर' एवढाच शब्द सापडला. पोलिसांसमोर आम्ही उभे होतो, तुम्ही नव्हता. ॲप आल्यापासून कोण आलं-गेलं ते कळतं. तुमच्या घरात चोरी होऊ दे, मग तत्त्वज्ञान सांगा.

सुलभा_ठाणे
चोरीचा शाप देऊ नका. पोलीस पडताळणी करा, मावशींनी त्याला कधी नकार दिला? पण दागिने चोरणाऱ्याला पकडायला 'वागणूक: दोन तारे' कशाला लागतात? तुमच्या ऑफिसात जाण्यायेण्याची वेळ शेजारच्या कंपनीला दिसली तर चालेल? आणि मालकांना तारे द्यायची सोय कुठे आहे? पगार महिनाभर लटकवणारे फ्लॅट मलाही माहीत आहेत.

धंतोलीकर
हेच आमच्या नागपुरात सफाई कामगारांचं झालं. महापालिकेने मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. हद्दीबाहेर गेला की नोंद, नोंद झाली की पगाराला धोका. बायकांनी विचारलं, स्वच्छतागृहात जाताना या घड्याळातून ऐकू येतं का, दिसतं का? घड्याळात काय आहे हे नीट समजावायलाही कुणी गेलं नाही. ज्याचा आवाज कमी, त्याच्यावर आधी पाळत. तुमचा विम्याचा फोन त्रासदायक आहे, मान्य. तुम्ही तो कट तरी करू शकता.

व्यवहारी
घड्याळाआधी हजेरीपटावर किती खोटी नावं चालायची तेही लिहा की. सगळ्यांना गरीब बिचारे ठरवलं की वाद जिंकता येतो!

धंतोलीकर
खोटी नावं लावणारा मुकादम असतो. घड्याळ झाडणारीच्या हाताला. मुकादमाच्या हाताला बांधा, मी येतो टाळ्या वाजवायला.

रानजाई
धंतोलीकर, पटलं. माझं गाऱ्हाणं गाडीवाल्याचं आहे. पण दोन्हीकडे एकच चालतं: संमती घ्यायची गरज कुणाला वाटत नाही. नव्या डेटा संरक्षण कायद्यातही कलम 17नुसार केंद्र सरकार आपल्याला हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्या कायद्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे दुकानदाराला बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नको म्हणून 2023मध्ये तंबी, आणि स्वतःला दार उघडं.

व्यवहारी
कलम 17 मलाही जास्तच सैल वाटतं, एवढं लिहितो. बाकी मत बदललेलं नाही. ताऱ्यांचा विषय पुढच्या सभेत मांडेन, कारण त्याने चोर सापडत नाही हे खरं आहे. येण्या-जाण्याची नोंद मात्र राहणार.

सुलभा_ठाणे
नोंद किती दिवस ठेवणार, ती ॲपवाल्या कंपनीला कशासाठी वापरता येईल, आणि काम सोडल्यावर मावशींचा फोटो कोण पुसणार, हेही त्याच ठरावात घाला. आणि सभेला कामवाल्या बायकांपैकी दोघींना बसवा. त्या रविवारी दुपारी मोकळ्या असतात.