देशी रेड वाइन: कोणती आवडली, कोणती फसली?

द्राक्षवेल: नाशिकची शिराझ (या लाल द्राक्षाची वाइन) ओतली की नाकात नुसतं अल्कोहोल चढतं, वर जिभेवर कडवटपणा. बाटली खराब की निवड चुकली? मटणाबरोबर काय घ्यावं?

तळघर: आधी तापमान बघा. 'रूम टेम्परेचर' म्हणजे युरोपातल्या गार घराचं, मे महिन्यातल्या पुण्याचं नव्हे! रेडला १६ ते १८ अंश पुरे. ३० अंशांवर अल्कोहोलच पुढे येतं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. मटणाला माझं मत फ्रातेल्ली कंपनीच्या 'सेट्टे' या रेडला. अकलूजची, सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची. ओतून पाऊण तास हवा लागू द्या.

तांबडा रस्सा: सुक्या मटणाला सेट्टे झकास, पण झणझणीत रश्शाबरोबर नको. तिखट आणि टॅनिन (वाइनमधला तुरट घटक) एकत्र आले की तोंड पोळतं, वाइन कडू लागते. तिथे कमी टॅनिनची, फळांच्या चवीची रेड जरा गारच प्या. ग्रोव्हर कंपनीची 'ला रिझर्व्ह' (कॅबर्ने-शिराझ) भरवशाची, फक्त ओक (लाकडी पिंपाचा स्वाद) मला जास्त वाटतो.

तळघर: ओकबद्दल सहमत. आणि खराब बाटलीचं राहिलंच: बूच वर आलेलं, कडेने चिकट ओघळ, म्हणजे उन्हात तापलेली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष; कितीही हवा लावा, जात नाही. दुकानात दिव्याखाली उभी मांडलेली बाटली उचलू नका. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. त्यानंतर मटण मुरवायला.