बाण कुठे गेला? तुमचे अनुभव लिहा

इंदिरानगर (धागा माझाच)
वय ५२, काम हिशेबाचं. दिवसभर समोर एक्सेलचं पांढरंफेक पान आणि त्यावर माऊसचा पांढराच बाण. हरवला की माऊस गरागरा फिरवायचा, ही माझी पद्धत. मार्चअखेरीला लेकानं बघितलं आणि म्हणाला, "आई, चटणी वाटतेस का?"

त्यानंच विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेलं. अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग 'माऊस पॉइंटर अँड टच'. तिथे आकाराची पट्टी आहे, १ ते १५. हौसेनं १५ वर नेली तर बाणाखाली आकडेच झाकले गेले. आता ५ वर आहे, रंग गडद गुलाबी. ऑफिसात दोन दिवस चेष्टा झाली. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, ते कुठून केलं?"

एक्सेलच्या चौकटींवर बाणाचं जे जाड अधिकचं चिन्ह होतं, ते मात्र माझ्याकडे पांढरंच राहिलंय. उपाय असेल तर सांगा. आणि आपापलंही लिहा, लाजू नका.

अंबड
डोळे ठणठणीत, वय ३१, तरी रोज हरवतो. दोन स्क्रीन, डिझाइनचं काम. ताई, रंग बदलत नसेल तर निदान जागा तरी कळेल. कंट्रोल पॅनलमध्ये माऊस उघडा, 'पॉइंटर ऑप्शन्स' टॅब, अगदी खाली कंट्रोल बटणाबद्दल एक चौकोन आहे, त्यात टिक करा. मग कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं आवळत येतात.

त्याहून झकास म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यातलं 'फाइंड माय माऊस' चालू केलं आणि डावं कंट्रोल दोनदा दाबलं की सगळा स्क्रीन काळवंडतो, बाणापाशी तेवढा उजेड. रात्री गोदाघाटावर कुणी टॉर्च मारावा तसा. फक्त कंपनीच्या मशीनवर टाकायला आयटीवाल्यांची परवानगी लागते. मला तीन आठवडे लागले, असो.

पंचवटी
मी निवृत्त. लेकीनं तिचा जुना मॅक दिला. एकदा बाण सापडेना म्हणून चिडून माऊस हिसडला, तर बाण फुगून वांग्याएवढा झाला! मशीन बिघडलं समजून पुण्याला फोन लावला. ती हसतच सुटली. २०१५ पासून मॅकमध्ये ही सोय आहे म्हणे. रंगाची सोय २०२१ च्या मॉन्टेरे या मॅकच्या आवृत्तीपासून आली. मी आत भगवा भरलाय, कड काळी.

सातपूर
शाळेत प्रोजेक्टरवर शिकवते. "बाई, बाण दिसत नाही," हे मागच्या बाकांचं पालुपद. आधी बाणाला शेपटी लावून पाहिली, तेच ते 'पॉइंटर ट्रेल्स'. पोरं धडा सोडून शेपटीच बघत बसली. मग उलट्या रंगाचा बाण घेतला. पांढऱ्यावर काळा, काळ्यावर पांढरा आपोआप होतो. खिडकीतून ऊन आलं तरी दिसतो.

नाशिकरोड
मी स्क्रीन पुसला. दिसायला लागला.

इंदिरानगर
अंबडकर, कंट्रोलची युक्ती लागू पडली! लेकाला दाखवली. त्याला माहीतच नव्हती.