आजोबांच्या दगडात वलयं नाहीत, ठिपके आहेत : कापून बघू का? मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावच्या खोलीची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत वरवंट्याएवढा तपकिरी दगड सापडला. आजोबा रेल्वेत होते, १९६०च्या सुमारास मध्य प्रदेशात नैनपूरला. "लाकडाचा दगड झालाय" असं ते सांगायचे, एवढंच आजीला आठवतं.

तिकडेच, आता दिंडोरी जिल्ह्यात, घुघुआला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म आहेत. १९८३पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणजे काळ दख्खनच्या लाव्हाचा, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचाच!

वर्षवलयं मोजू म्हणून तुटलेली बाजू भिंगाखाली धरली, तर वलय एकही नाही. पडलेला माड कापल्यावर दिसतात तसे ठिपके मात्र भरपूर, कडेला दाट, मध्ये विरळ. हा माडाच्या कुळातला असेल का? आणि वलयंच नसतील तर त्या जंगलाचं हवामान कळायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप काढावा लागतो म्हणतात. आजी कापायला तयार नाही, माझाही हात धजत नाही.

प्रतिसाद : ताई, कापू नका. वर्णनावरून बहुधा ताडमाडाचंच कूळ. ते ठिपके म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे. लाव्हा-राखेतली सिलिका भूजलात विरघळून पेशीपेशीत बसली, म्हणून ते अजून दिसतात. या झाडांचं खोड दरवर्षी थर चढवून जाड होत नाही, त्यामुळे वलयं शोधूच नका. पण माड असणं हाच उबदार हवामानाचा पुरावा आहे. त्याला वाढीचा कोंब एकच, पाणी गोठेल अशी थंडी बहुतेक ताडमाडांना सोसत नाही. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिमालय उभा राहिला नव्हता.

आंबा-फणसासारख्या झाडाचं लाकूड असतं तर पाण्याच्या नळ्या पाहिल्या असत्या. रुंद आणि मोजक्या असतील तर सहसा मुबलक पाणी, अरुंद आणि दाटीवाटीने असतील तर कोरडं हवामान. वलयं ठळक असतील तर वर्षातून एकदा वाढ थांबवणारा ऋतू, थंडीचा किंवा कोरडा. पण एका तुकड्यावरून जंगल ठरत नाही, एकाच थरातली बरीच लाकडं ताडून बघावी लागतात.

तुटलेली बाजू ओली करून तिरप्या उजेडात फोटो काढा आणि झेवियर्सच्या भूविज्ञान विभागात किंवा पवईला आयआयटीच्या पृथ्वीविज्ञान विभागात विचारा. काप साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा लागतो, ते घरचं काम नव्हे. त्याआधी दगड कुठला ते आजीला विचारा. जागा माहीत नसलेला जीवाश्म अभ्यासाला निम्माच उरतो.

धागाकर्ती : मनापासून आभार. आजीला विचारलं. गावाचं नाव नाही आठवत, पण तिकडच्याच शहापुऱ्याच्या बाजारावरून येताना आणला होता, हे पक्कं म्हणते. चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेवलंय. फोटो उद्या उजेडात काढून इथेच टाकते.